तुलना गट

नुकूसच्या प्रयोगशाळेत ताझागुल
अठ्ठेचाळीस लावे मोजते, पुन्हा मोजते.
अर्ध्यांच्या दाण्यात अमूदर्याकाठच्या ज्येष्ठमधाचा अर्क,
उरलेल्यांना नुसताच दाणा.

पेटीचं दार लागतं. बेचाळीस अंश.
काचेपलीकडे चोची वासतात,
पंख अंगापासून सुटे होतात,
उकडलेल्या माणसानं सदऱ्याची बटणं काढावीत
तसे.

ती धापा मोजते, मिनिटाला किती,
आधी कोण बसलं.
वहीत लिहिते : सतरा नंबर, मान टाकली.
सतराच्या दाण्यात मुळी
नव्हतीच मुळी.

चार वाजता पेरदेबाय पाणी प्यायला येतो,
मुळ्या खणून आणणारा,
पोत्यामागे पैसे, मानेवरची कातडी सोललेली.
बाहेर चव्वेचाळीस.
"लागू पडतंय का?"
"पडतंय. थोडंसं."
"मग पाखरांचं बरंय," म्हणतो,
आणि उरलेलं पाणी टोपीत ओतून
टोपी तशीच डोक्यावर घालतो.

तो गेल्यावर पायरीवर
ज्येष्ठमधाचा एक तुकडा सापडतो, चघळलेला,
दातांच्या खुणा अजून ओल्या.

ताझागुल तो कागदावर ठेवते.
वजन करते. दोन ग्रॅम.
वहीत त्याला
रकाना नाही.