तेरा ओहम

सकाळी साडेआठला गाडी गुणी असते.
हत्तुरे डॉक्टरीणबाई म्हणतात, बघा, आत्ता काहीच नाही.
पण दुपारी मंद्रूपहून परतताना
साठच्या पुढं कुणी मागून धरून हलवल्यासारखं करते,
मग इंजिन नुसतं ओरडतं, वेग तेवढाच.
पुण्याच्या शोरूमनं अख्खा गिअरबॉक्स लिहून दिलाय.
तो कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवलाय,
आकड्याची बाजू आत.

मी म्हटलं, ठेवून जा. दुपारपर्यंत हात लावणार नाही.
त्या हसल्या. जनावरांच्या डॉक्टर त्या,
त्यांचेही पेशंट कुठं दुखतं ते सांगत नाहीत.

अडीच वाजता अक्कलकोट रोडचं डांबर चप्पल सोडेना.
मैनुद्दीन शेजारी, मांडीवर स्कॅनर,
एसी चालू, काचाही उघड्या. गाडीला ताप यायलाच हवा.
वळसंगच्या अलीकडं काटा बावीसशेवरून अठराशेला उतरला,
म्हणजे कन्व्हर्टरनं इंजिनाचा हात धरला.
ब्रेकवर नुसता तळवा टेकवला, काटा उडाला.
उचलला, थोड्या वेळानं परत बसला.
इथवर संसार ठीक.

तेलाचा ताप शंभरावर गेला आणि हात सुटला.
धरला. सुटला.
सगळी गाडी शहारली, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा.
"सात-चार-तीन!" मैनुद्दीन ओरडला,
मटका लागल्यासारखा.

आकडा म्हणजे निदान नव्हे, लेका.
आकडा एवढंच सांगतो, भांडण कुठल्या बोळात आहे.
दार आपण वाजवायचं.

वायर हलवून बघितली. पिना घासल्या. दोष तिथं नव्हता.
चेंबर खोललं : तेल काळपट, कडक चहासारखं,
पण जळका वास नाही.
म्हणजे आतला क्लच अजून जिवंत होता,
आणि पुण्याचा तो कागद निम्मा तरी खोटा.

सोलेनॉइड निघाला, अंगठ्याएवढा.
मीटर लावला : तेरा ओहम. बरोबर.
बॅटरीची वायर टेकवली : टिक्.
मैनुद्दीनचा चेहरा पडला. उस्ताद, हा तर चांगलाय.

माझा बाप मिलमध्ये जॉबर होता.
म्हणायचा, बंद मागाला काय विचारतोस, चालत्याला विचार.
मिल बंद पडल्यावर त्याला विचारायला
कुठलाच माग उरला नाही, ते वेगळं.

चहाच्या स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात गिअर ऑइल,
तेलात सोलेनॉइड, वायरी बाहेर.
चहावाला शिव्या देत उभा, पण हलेना.
तेरा. चौदा. तांबं तापतं तसा आकडा चढणारच.
सोळा.
सोळावर थोडा वेळ थांबला
आणि मग काहीच नाही,
मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता एकटा एक.
बॅटरी टेकवली. परत टेकवली.
टिक् आला नाही.
ते न येणं आम्ही तिघांनी ऐकलं.

नवा बसवला. तेल, गास्केट, मजुरी धरून अकरा हजार चारशे.
डॉक्टरीणबाईंनी वरचे चारशे दिले नाहीत.

जुना मी खिशातून घरी नेला, पूर्वभागात.
आईनं बत्तीस वर्षं कांड्या भरल्या.
आता मोतीबिंदू, दुपारी भिंतीला टेकून बसते.
हातात दिला. तिनं नखानं वरची पट्टी सोलली,
तांब्याचं टोक शोधलं आणि उलगडत गेली,
केसापेक्षा थोडं जाड, गुंडाळी, गुंडाळीवर गुंडाळी,
तिच्या पदरात लालसर ढीग होईपर्यंत.
मी फोनवर होतो, पार्टवाल्याशी घासाघीस करत.

"इक्कड," ती म्हणाली. इथं.
बोटांच्या चिमटीत दोन टोकं.

तार तिथं आधीच तुटली होती
की तिनं ओढली म्हणून तुटली, मला सांगता येणार नाही.
तिनं मात्र सवयीनं
दोन्ही टोकं जवळ आणली, जिभेवर बोट ओलं केलं
आणि गाठ मारायला घेतली.