येतंय

निवतीच्या सोसायटीत, बर्फाच्या कारखान्यामागे
माझं टेबल. खुर्चीचा एक पाय आखूड,
त्याखाली जाळ्याचं शिसं लावलंय.
इथे बसून मी लिलावाचं ॲप लिहिलं.

सर्व्हरला काही आठवत नाही.
दर वेळी तो नव्याने विचारतो,
देवळाच्या पायरीवर बसलेल्या भिकू तात्यांसारखा:
सकाळी एकदा, दुपारी एकदा,
त्याच पोराला, तितक्याच प्रेमाने,
"तू कोणाचो रे?"
म्हणून पहिल्यांदा नीट ओळख पटली
की मी हातात एक चिठ्ठी देते.
लांबलचक, वेडीवाकडी, कोणाला पाठ होणार नाही अशी.
पुढे नाव सांगायचं नाही,
नुसती चिठ्ठी दाखवायची.
बर्फाच्या टोकनासारखीच ती.
वेळ गेली की पाणी.

वेळ किती? नियम म्हणतो, अर्धा तास.
अर्ध्या तासात होडी
खडकावरच्या दिव्यापर्यंतही पोचत नाही.
रेंज तुटते, चिठ्ठी विरते,
आणि माझ्या तक्त्यात सगळा ताफा
एकेक करून राखाडी होतो.
इनास फर्नांड, बाहेर.
वसंत टिकम, बाहेर.
रत्नप्रभा मोंडकर पडद्यावर बोट टेकवून वाचते,
मान डोलावते: "बरोबर हा. भायरच हत."
मी समजवायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
चुकीच्या कारणाने का होईना,
तक्ता खरं बोलत होता.

मुदत मी दहा दिवस केली.
नियमवाल्यांना कळवलं नाही.

मग ती पहाट. रात्रभर वारा उलटा,
सहा दिवस झालेले,
जेटीवर बायका, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.
समुद्र पुसलेल्या पाटीसारखा.
वसंत टिकमच्या नावापुढे
हिरवा ठिपका लागला.
कोणी पासवर्ड टाकला नव्हता,
सुजल्या बोटांनी टाकणार कोण.
पिशवीत गुंडाळलेल्या फोनला
कुठूनसा रेंजचा एक दांडा सापडला
आणि त्याने आपणहून चिठ्ठी पुढे केली.
इंजिनच्या आवाजाआधी,
डोलकाठीच्या टोकाआधी, तो ठिपका.
त्याची बायको वाकून बघत राहिली.
"चाय ठेवतंय," म्हणाली, आणि गेली.

अडलं ते एका बटणावर.

लिलावात सहा जणींत एक फोन,
खवल्यांनी चमकणारा, हातोहात फिरणारा.
त्यावर मी लाल बटण दिलं होतं: बाहेर पडा.
कोणी दाबेना.
रत्नप्रभाच्या उघड्या राहिलेल्या नावावर
कोणीतरी बांगड्याचे चौदा क्रेट उचलले.
तिने पैसे भरले,
महिनाभर त्या कोणीतरीच्या सात पिढ्या काढल्या,
पण बटण? नाही.
"भायर पडा म्हणजे काय गो?
माझो झील होडयेर असता.
तेचा नि माझा खाता एकच.
आणि मी हयसून
भायर पड म्हणान दाबू?"

पडा.
इतक्या वेळा लिहिलेला शब्द,
त्यातलं पडणं मला ऐकूच आलं नव्हतं.

त्या रात्री मी बाकी काही बदललं नाही.
चिठ्ठी तशीच फाडली जाते,
सर्व्हर तसाच विसरतो.
फक्त बटणावर लिहिलं: येतंय.
आता दाबतात. काही जणी मोठ्याने म्हणतातही,
पदर खोचत, फोन पुढच्या ओल्या हातात देत.

पुण्याहून तपासणीचा शेरा आला:
"बटणाचा अर्थ उलटा आहे. दुरुस्त करावे."
मी लिहिलं, तुम्ही घरातून निघताना
काय म्हणता?

उत्तर आलं नाही.
संध्याकाळी पाहिलं तर
तक्रार बंद केलेली होती.