अकरा मिनिटं

हॉग्नीचा तिसरा दिवस.
त्यानं पहिला बदल पाठवला, जेमतेम चाळीस ओळी,
आणि खुर्चीत असा बसला
जसं कुणी कोड नाही, त्याची जीभ तपासणार आहे.

मी चष्मा पुसला.
टोर्सहाव्हनच्या खिडकीवर मीठ साचलेलं,
वारा नैर्ऋत्येचा, दुपारची बोट रद्द.
आमचं काम एवढंच: अठरा बेटं, त्यांच्यातल्या बोटींच्या वेळा,
आणि धक्क्यावर कुणी उगाच भिजू नये.

पहिला शेरा लिहिला: या नावातून काही कळत नाही.
खोडला.
मग लिहिला: हे नाव मला उमगलं नाही, तुला काय म्हणायचं होतं?
एवढ्याशा फरकाला मला सव्वीस वर्षं लागली.
माझ्या पहिल्या कामावर मार्यूननं एकच शब्द लिहिला होता,
"का?"
आणि ती जेवायला निघून गेली होती.
माशाच्या काट्यासारखा तो आठवडाभर घशात.

सदतिसाव्या ओळीशी अडले.
इथं त्यानं लिहिलं काहीच नव्हतं, पुसलं होतं:
गुरुवार असेल, तर अकरा मिनिटं थांब.
ना खुलासा, ना तारीख. हात मार्यूनचा,
आणि मार्यून आता विचारण्यापलीकडे.
"निरर्थक वाटली," हॉग्नी म्हणाला. "ठेवायची होती का?"

मला माहीत नव्हतं.
इतकी वर्षं मी तिला वळसा घालून गेले होते,
वाटेतल्या धोंड्याला घालावा तसा.
हे त्याला सांगताना कान तापले.

टोप्या कानांवर ओढून धक्क्यावर गेलो.
साकारिस दोर गुंडाळत होता.
"गुरुवारी ती शिक्षिका यायची," तो म्हणाला,
"पलीकडच्या गावातून, डोंगर उतरून, पायी.
बोगदा झाला, तेव्हापासून गाडीनं जाते."
"मग बोट अजून का थांबते?"
"थांबते खरी. आम्ही कॉफी पितो."

परत येताना हॉग्नी काहीच बोलला नाही.
जागेवर बसला, फोन लावला:
"साकारिस, कॉफीला किती वेळ लागतो?"

आता तिथं सहा आहे.
वर त्याच्या हातची टीप:
शिक्षिका, बोगदा, दोरवाल्यांची कॉफी,
आणि कुणाला विचारायचं त्याचं नाव.

मी मान्य केलं.
घरी जाताना, टेकडीच्या चढावर आठवलं,
पहिल्या शेऱ्याचं उत्तर
पठ्ठ्यानं अजून दिलेलंच नाही.