नाव लिहू नये

फॉर्मच्या डोक्यावर ठळक अक्षरांत: नाव लिहू नये.
खाली विचारलंय – विभाग, पाळी, वय,
नोकरीची वर्षं, स्त्री की पुरुष.
माकूल ग्रेडिंग, रात्रपाळी, बेचाळीस, चौदा, स्त्री.
मिरजोळ्याच्या या अख्ख्या कारखान्यात
असं माणूस एकच,
आणि त्याला कँटीनचा पोऱ्यासुद्धा
खोकल्यावरून ओळखतो.

बंदीचे दिवस. मिरकरवाड्यात लाँचा झावळ्या पांघरून पडल्यात.
आम्ही जुना माल नव्या खोक्यांत भरतो.
काम कमी, म्हणून आमची मतं हवीत.
अर्धा तास दिलाय, पगारी.
हातमोजे काढले तरी बोटं थोडा वेळ
माझी नसतात,
पेन दुसऱ्याच कुणीतरी धरलंय असं वाटतं.

प्रश्न पहिला. कंपनी तुम्हाला आपलं कुटुंब वाटते का?
मी आमचं कुटुंब आठवलं.
थोरल्या दिराने रातोरात सरकवलेला गडगा,
अकरा वर्षं कोर्ट, एकाच विहिरीवर दोन रहाट.
पूर्णपणे सहमत.

प्रश्न चौथा. वरिष्ठ तुमचं ऐकून घेतात का?
घेतात की. बेर्डेसाहेब मान हलवतात, वहीत लिहितात,
"नोंद घेतली, सुलभाताई."
तीन पावसाळे झाले नोंद घेऊन.
चौथ्या टेबलाखालचा नळ गळतोच आहे,
खाली बालदी लावलीय आम्ही,
बालदीचं नावच आता 'नोंद'.
गो, नोंद भरली, ओतून ये कुणीतरी.

पाच आणि सहा मला कळले नाहीत.
पारदर्शकता. सक्षमीकरण.
न कळलं की मी मधला गोल भरते.
करवंदीच्या जाळीतून जाताना
मधून चाललं की ओरखडे कमी.

प्रश्न सातवा. अडीअडचणीला रजा सहज मिळते का?

नफिसाचा सासरा गेला, राजिवड्यात,
त्या रात्री न्हावा-शेव्याचा कंटेनर लागला होता.
फोन लॉकरमध्ये, नियमच आहे.
तिचा वाजत होता म्हणे, पत्र्याच्या कपाटात,
बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा.
निरोप गेटवर आला. गेटवरून ऑफिसात.
ऑफिसातून माझ्याकडे, तीन वाजून पाच मिनिटांनी.
साहेब म्हणाले, "तुम्ही बघा कसं ते,
कंटेनर चारला सील करायचाय."
एवढंच म्हणाले. सांगू नका असं नाही म्हणाले.

मी पंचावन्न मिनिटं तिच्या शेजारी उभी राहून
माकूल मोजले.
ती मधेच हसली कशालातरी,
मीही हसले.

दुसऱ्या दिवशी कंपनीने हार पाठवला,
पट्टीवर कंपनीचं नाव, सोनेरी.
तिचा दीर दारात तो हातांत धरून उभा,
मला विचारत होता, याचं आम्ही काय करायचं?

सातव्याला पाच गोल आहेत.
मला कुणी रजा दिली नाही, हे विचारलंय त्यांनी.
मी कुणाला दिली नाही, याला
पूर्ण कागदावर जागा नाही.
मागची बाजूही बघितली. कोरी होती,
कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव.

शेवटी तीन ओळी सोडल्यात:
आणखी काही सांगायचं आहे?
मी लिहिलं, नळ गळतो.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.

पेटीला कुलूप होतं, वर फट.
एचआरच्या अन्वितामॅडम गोड हसल्या,
"थँक्यू, सुलभाताई."

नफिसा मागच्याच बाकावर. तिची शाळा उर्दू,
फॉर्म मराठी, गोल मोजून मोजून भरत होती.
"सातव्याला काय केलंस गो?"
मी म्हटलं, मधला.
तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ नव्हे,
एक माकूल उलटून बघायला लागतो तेवढाच.
मग मधला गोल भरला,
नीट, कडेला न जाता, काळाकुट्ट,
आणि म्हणाली,
"चल, नोंद भरली असेल."