एकट्याची सीट

शोरूमचा पोरगा म्हणाला, "काका, मुलासाठी का?"
मी नुसती सही केली.

हँडल इतकं खाली, वाकावंच लागतं.
कंबर म्हणाली, काऊन बे, या वयात?
सेमिनरी हिल्सच्या उतारावर तीही गप्प झाली.

टाकीला घट्ट गुडघे,
हेडलाइटवर मंदाच्या बोटाचं कुंकू,
टायरला अजून चिरडल्या लिंबाचा वास.
म्हणे कॅफे रेसर!
आमचं कॅफे म्हणजे फुटाळ्याचा तर्रीपोह्याचा ठेला.
तिच्याकडं तोंड करून खाल्ले.
तिच्याकडं म्हणजे गाडीकडं.

परतलो तर मंदा फाटकात उभी.
"अन् मी कुठं बसू?"

इंजिन निवत होतं, टिक, टिक.
तिनं उन्हानं तापल्या टाकीवर हात ठेवला,
चटका बसला तरी काढला नाही.
पदर खोचला.
"चावी द्या इकडं."