पाचर

मशीन घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला,
तेल वेळेवर घाला, चेन ढिली ठेवू नका.
चोरांबद्दल तो काही बोलला नाही.
ते मला नागभीडच्या बसस्टॉपवर कळलं.
चहा अर्धा कपही झाला नव्हता
आणि पहिली मशीन गेली, पोत्यासकट.

दुसरी आली ती गिरजाच्या गोफावर.
मग शिकलो.
जेवणाच्या सुट्टीत दोराला बांधून
मशीन वर चढवायची, पंधरा फूट,
आग्यामोहोळासारखी फांदीला लटकवायची
आणि खाली बसून डबा सोडायचा.
रात्री खाटेच्या पायाला साखळी, साखळीला कुलूप,
किल्ली करदोट्याला.
अंगावर खिळ्याने कोरलं : शालिक नन्नावरे.
नंबर चेतनाच्या वहीत, सतराच्या पाढ्याखाली.
तिने तो पाढ्यासारखाच पाठ केला,
पाहुणे आले की म्हणून दाखवायची.
गिरजा म्हणायची,
"माह्यावर कधी एवढा पहारा नाही ठेवला गा."

शेवटची युक्ती प्लगची.
पान्याचे दोन वेढे, प्लग बाहेर, शर्टाच्या खिशात.
बिनप्लगची मशीन म्हणजे नुसतं ओझं,
नेणारा नेऊन नेऊन नेईल कुठे?
तीन प्लग धुण्यात गेले.
ही युक्ती मी एकालाच शिकवली,
गुणवंतला. दोर धरायचा तो माझा,
दिवाळीनंतर हिशेबावरून बिनसलं आणि यायचा थांबला.
नवा प्लग दीडशेला मिळतो.
हे मला माहीत होतं.
त्यालाही.

मोहाच्या दिवसांत सारं घर
पहाटे तीनला टोपल्या घेऊन रानात.
कुत्रंही मागं आलं.
परतलो तर साखळी होती, कुलूप होतं,
खाटेचा पाय कापलेला.
काप बघत मी बराच वेळ बसलो.
सरळ होता. कुठे फाटलं नव्हतं.
करवतीला जोर लावायचा नाही,
तिला तिचं चालू द्यायचं,
हे ज्याला सांगितलेलं असतं त्याचा काप.

ठाण्यात चेतनाने नंबर म्हटला एका दमात.
शिपाई म्हणाला, "पुन्हा. हळू."

वीस-बावीस दिवसांनी
बोडीच्या पलीकडून आवाज आला.
दोनदा खोकते, तिसऱ्या ओढीला धरते.
चरायला गेलेल्या बैलाची घाटी ओळखावी
तशी ओळखली.
बांधाबांधाने गेलो. हातात काठी,
तोंडात शिव्या,
चेनच्या दातांसारख्या रोज घासून ठेवलेल्या.

वादळाने पाडलेला येन होता,
बुंधा एका बांधावर, शेंडा दुसऱ्या,
मधलं खोड अधांतरी.
गुणवंत एकटाच. दोर धरायला कुणी नाही.
वरूनच काप घेत होता, मूर्ख.

चालत्या मशीनच्या माणसाला हाक मारू नये.
म्हणून थांबलो.
तेवढ्यात खोड कुरकुरलं,
काप मिटायला लागला, पट्टी आवळत चालली
आणि माझ्या तोंडून निघालं ते
चोर नव्हतं, आईवरून नव्हतं.
"पाचर! पाचर घाल ना बे, गधड्या!"

त्याने वळून पाहिलं नाही.
मशीन मंद केली आणि एक हात मागे पसरला,
मी पसरायचो तसा.
पाल्यातून येनाची ढलपी उचलली,
हातावर ठेवली नाही,
वाकून मीच कापात घातली, दगडाने ठोकली.
काप उघडला. पट्टी सुटली.
बाकीचं त्याने खालून कापलं, न सांगता.

मशीन बंद झाल्यावर
दोघांनाही काही सुचेना.
त्याने पाना काढला,
दोन वेढे दिले, प्लग माझ्यापुढे धरला.
गरम होता.
मी शर्टाच्या खिशात टाकला तसा छातीला चटका बसला,
आणि तो हसला, हसून मान खाली घातली.
मी हसलो नाही.
काठी तिथंच राहिली, घरी आल्यावर आठवलं.

"कोठं सापडली?" गिरजा म्हणाली.
"येनाखाली."
पुढं तिने विचारलं नाही.
खाटेला चौथ्या पायाच्या जागी विटा आहेत अजून.

नाव घासून काढलं होतं,
शेवटचं 'वरे' तेवढं उरलं.
नंबर पूर्ण गेला.
चेतनाने त्या गुळगुळीत जागेवर बोट ठेवलं
आणि सरकवत सरकवत
सगळा म्हणून पाहिला.