मानशीचं दार

पहिल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत होतं: जकात शून्य.
उपेंद्रबाबांनी त्याला लाल पेनाने गोल केला,
म्हणजे शून्याभोवती आणखी एक शून्य,
आणि मडकईच्या शेड नंबर एकोणीसमध्ये
आम्ही नऊ जणांनी सामोसे खाल्ले.

यंत्र तळहाताएवढं. पाण्यात बुडवलं
की खारेपणाचा आकडा सांगतं.
सुचलं ते इथंच, वसाहतीच्या कुंपणापलीकडे,
बांध फुटून खाजणात समुद्र शिरला त्या वर्षी.
तिकडेही शिरतो म्हणे, समुद्र, शेतात.
त्यांना चारशे हवी होती.

मी कागद सांभाळते. शमा वेरेंकर, बी.कॉम., फोंडा.
मला वाटायचं कागद मालाच्या मागून चालतो.

मग आलं: तुमच्या प्रयोगशाळेचा दाखला चालणार नाही.
चुकीचा आहे असं नाही. फक्त चालणार नाही.
सात नमुने इकडच्या प्रयोगशाळेत पाठवा.
फी वाचून उपेंद्रबाब बाहेर गेले,
काजूच्या झाडाखाली बराच वेळ उभे राहिले.
चहा मीच झाकून ठेवला.

मग लेबल. ओल्या फडक्याने पंधरा सेकंद घासायचं,
पेट्रोलच्या फडक्याने आणखी पंधरा,
अक्षर पुसता कामा नये.
मी घासलं. कंपनीचं नाव टिकलं,
गावाचं गेलं.

मग खोक्याखालच्या फळ्या:
लाकडात किडा नाही असा शिक्का हवा.
वास्कोचा शिक्केवाला म्हणाला,
बाय, लाकूड बरं आहे,
किडा तुझ्या फायलीत आहे.

यंत्र बसवून दाखवायला माणूस पाठवा, ही अट त्यांचीच.
रोझारिओ कुलासो गेला व्हिसाच्या खिडकीवर.
परत येशील कशावरून?
त्याने एक-चौदाचा उतारा पुढे केला:
सामायिक खाजण, सतरा नावं, त्याचं चौदावं.
खिडकीतल्या बाईने नावं मोजली.
जमीन तिला दिसलीच नाही.

हे सगळं होईस्तो मानक बदललं.
एका कलमाचा एक पोटनियम,
लागू झाल्याची तारीख मागच्या महिन्याची.

कोणीही कधी नाही म्हटलं नाही.
हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण बाबा विचारतात,
"अडवलं कोणी?"
नाव सांगता येत नाही मला. सही तर प्रत्येक पत्रावर वेगळी.

बाबांनी एकतीस वर्षं मानस राखली.
म्हणाले, मानशीचं दार कोणी लावत नसतं.
भरती चढते, पाणीच फळी लोटतं, दार मिटतं.
आतलं भात वाचतं.
तेही आपलं भात वाचवत असतील.

असेल, म्हटलं.
पण आमच्या टेबलावरचा मापक त्यांचाच आहे, बाबा,
तो इकडे दोन दिवसांत सुटला.
आणि मानस ओहोटीला उघडते तरी.
यांची ओहोटी कधी?

बाबा काही वेळ गप्प.
मग म्हणाले, फळीच्या कडेला कालवं धरतात,
इतकी बारीक की दिसत नाहीत.
ती वाढली की ओहोटीलाही दार हलत नाही.
मग कमरेइतक्या पाण्यात उतरायचं आणि खरवडायचं.
त्यांच्या अंगठ्यावर त्याचे वण आहेत अजून.

सात नमुने परत आले गेल्या आठवड्यात.
जाताना जकात शून्य,
येताना आपल्याच बंदरात ती भरावी लागली,
कारण हा माल मुळात इथलाच होता
हे सिद्ध करणारा कागद
माझ्याकडे नव्हता.

एक नमुना काल मानशीवर नेला.
पाण्यात धरला. आकडा आला.
बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं,
"चढलंय," म्हणाले, "परवापेक्षा."
यंत्रही तेच म्हणत होतं.

हा दाखला कोणत्या रकान्यात भरतात
ते सोमवारी विचारून बघते.